चावीवाल्याचे कान

माझ्या बाबांनी ज्या लाईनीवर जन्म काढला, ती जेमतेम दीड मैलाची होती. विक्रोळीच्या खाडीवरच्या धक्क्यापासून निघायची, तिवरांच्या कडेने एक मोठं वळण घ्यायची आणि कंपनीच्या ओतशाळेमागच्या फाटकाशी संपायची. रूळ इतके जवळजवळ, की लहानपणी मी एक पाय या रुळावर आणि दुसरा त्या रुळावर टाकत चालत असे आणि आई मागच्या दारातून ओरडत असे, "सरळ चाल गं, पाय फाकवून काय चालतेस!" एके काळी या लाईनीवरून धक्क्यावरचा कोळसा आणि कच्चं लोखंड यायचं. पुढे ट्रक आले आणि लाईनीचं काम संपलं. पण कंपनीच्या म्हाताऱ्या शेठना तिचा लळा. त्यांनी ती उखडू दिली नाही. वाफेचं एक इंजिन आणि तीन उघडे डबे रंगवून घेतले, आणि दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंत दर रविवारी गाडी सोडायची असं ठरवलं. शाळांची मुलं यायची, बाहेरगावचे पाहुणे यायचे, कधी एखादा गोरा साहेब कॅमेरा घेऊन यायचा. बाकीची माणसं त्या गाडीला छोटी गाडी म्हणत. आमच्या घरात तिला नुसतं 'लाईन' म्हणायचे. कंपनीचं नाव मी सांगत नाही. ती केव्हाच बंद पडली आणि जिथे आम्ही राहत होतो तिथे आता वीस-वीस मजली टॉवर उभे आहेत.

बाबा त्या लाईनीचे चावीवाले होते. रूळ खाली आडव्या टाकलेल्या लोखंडी स्लीपरला घट्ट धरून राहावा म्हणून दोघांच्या मध्ये वीतभर लोखंडी पाचर ठोकतात, तिला चावी म्हणतात. गाडी गेली, ऊन तापलं, जमीन ओली झाली, की चाव्या हळूहळू सुटतात. एखादी सुटली तर काही बिघडत नाही. वळणावर चार-पाच ओळीने सुटल्या की रूळ सरकतो आणि गाडी घसरते. म्हणून चावीवाल्याने रोज पहाटे लांब दांड्याचा हातोडा घेऊन अख्खी लाईन चालायची आणि प्रत्येक चावीवर एक ठोका मारायचा. घट्ट चावी खणखणीत वाजते. ढिली चावी भद्द वाजते, ती तिथल्या तिथे ठोकून बसवायची. हजारो चाव्या आणि प्रत्येकीचा आवाज कानांनी तोलायचा. बाबांना त्यात कमालीची गंमत वाटे. पगाराच्या दिवशीसुद्धा एवढे खूश नसत, जेवढे एखादी लबाड चावी सापडल्यावर असत.

आमची क्वार्टर दोन खोल्यांची, लाईनीपासून दहा पावलांवर. पहाटे चुलीवर पेज रटरटत असायची, निखाऱ्यावर सुका बांगडा भाजत असायचा आणि बाहेर बाबांचा हातोडा चालू व्हायचा. खण्, खण्, खण्. आवाज लांब लांब जायचा, तिवरांपाशी पुसट व्हायचा, आणि परत जवळ येऊ लागला की आई पेज वाढायला घ्यायची. घड्याळ आमच्याकडे होतं, पण बघायचं कोण? खाडीवरच्या कोळणी जवळा आणि करंदी घेऊन याच वाटेने जायच्या आणि आमच्या ओट्यावर टोपली उतरवून आईशी हुज्जत घालायच्या. मी मोरीत दात घासत उभी राहून ते सगळं ऐकायची. आता बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मिक्सर, लिफ्ट, शेजारच्यांचा टीव्ही, आवाजांना काही तोटा नाही. पण एकाही आवाजावरून कोण घरी येतंय ते कळत नाही.

मी अकरावीत होते तेव्हा आईच्या हातून पितळेचा हंडा पडला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर असा काही आदळला की शेजारच्या सावंतकाकू धावत आल्या. बाबा दोन हातांच्या अंतरावर पाठमोरे बसून विडी शिलगावत होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी आईकडे. त्या दिवसापासून आम्ही दोघी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागलो. दूध उतू जाताना बाबांना चुर्र ऐकू येत नव्हतं. बोलताना ते आमच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते आणि पाठीमागून हाक मारली तर ओ देत नव्हते. लाईनीवर येण्याआधी बारा वर्षं त्यांनी ओतशाळेत घणांच्या दणदणाटात काढली होती, तिथे कोणी कानात कापूससुद्धा घालत नसे. शेवटी आईनेच त्यांना समोर बसवलं. "खरं सांगा. ऐकू येतं की नाही?"

 बाबा म्हणाले, "जवळचा येता थोडासा. हातोड्याचा येना नाय." ते मालवणीच बोलायचे, साहेबासमोरसुद्धा; दुसऱ्यांशी बोलताना मला 'आमचा चेडू', म्हणजे आमची मुलगी, म्हणायचे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणाक सांगा नको गो बाय."

सांगणार कोणाला? कंपनीच्या डॉक्टरला कळलं असतं तर त्याने दोन ओळी लिहून बाबांना अनफिट केलं असतं. नोकरी गेली की क्वार्टर गेली. गावाकडे आमचं घर म्हणजे भावकीच्या वादातली एक पडवी. बाबांना रिटायर व्हायला चार वर्षं होती. चार वर्षं हे झाकून न्यायचं, असं आमच्या तिघांत ठरलं. आणि झाकायचं कसं, तर मी रोज पहाटे बाबांबरोबर लाईन चालायची. त्यांनी ठोका मारायचा आणि माझ्याकडे बघायचं. चावी घट्ट असेल तर मी मान हलवायची. ढिली असेल तर हात वर करायचा. बस्स, एवढंच. बाबांचे कान आता माझ्या डोक्याला लागले होते म्हणा ना.

पहिले काही महिने मला त्याचा अभिमान वाटला. बाबा शिकवत होते, मी शिकत होते. गंजलेल्या चावीचा आवाज घोगरा येतो पण ती घट्ट असू शकते. थंडीत सगळ्याच चाव्या जरा चढ्या वाजतात. मग हळूहळू त्याचा वीट आला. खोटं कशाला सांगू? रोज पाचला उठायचं, ओल्या गवतातून चालायचं, आणि एकही चावी सुटता कामा नये. कॉलेजातली एक मैत्रीण टागोरनगरला राहायची, तिने एकदा आम्हाला पाहिलं आणि वर्गात म्हणाली, "काय गं सुलू, बापाच्या मागे मान हलवत काय चालतेस? नंदीबैल झालीयस काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन आईवर खेकसले. आई म्हणाली, "माझ्यावर कशाला डाफरतेस? मला जमलं असतं तर मी गेले नसते?" आईला जमत नव्हतं. तिला सगळ्या चाव्या सारख्याच वाजायच्या.

बारावी झाली. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काही कधी सुचलंच नाही. रत्नागिरीच्या डी.एड. कॉलेजात नाव लागलं, वसतिगृहात जागा मिळाली. पत्र आलं ते नवरात्रात. दसऱ्यानंतर दोन दिवसांत हजर व्हायचं होतं. पत्र मी तीन दिवस वहीत लपवून ठेवलं, कारण बाबा काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

खंडेनवमीला बाबांनी हातोडा घासूनपुसून पाटावर ठेवला. हळदकुंकू, झेंडूचं फूल, पाठीमागे पाना आणि पहार. आमच्याकडे रीत अशी की पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या पहाटेपर्यंत उचलायचं नाही. त्यामुळे त्या दिवशी लाईन कोणी चालत नसे. आईने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या केल्या होत्या. बाबा मजेत जेवत होते. उद्या मोसमातली पहिली गाडी. दसऱ्याच्या पहिल्या गाडीला तिकिटाचे पाहुणे नसत, लाईनीवर काम करणाऱ्यांची बायकापोरंच बसत. शेठनी घालून दिलेला तो रिवाज होता. चार महिने बंद असलेल्या लाईनीवर आधी आपली माणसं बसवायची, मग परकी. मी म्हटलं, आत्ताच सांगावं. पत्र बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं.

त्यांनी वाचलं. हात धुतला. म्हणाले, "बरा झाला." आणि मग, "पुढच्या वर्सा जा."

"पुढच्या वर्षी परत नाव लागेल कशावरून?"

"आता लायन सुरू होतली. तू गेलंस तर आयकतला कोण?"

"मला काय माहीत? मी काय जन्मभर मान हलवत फिरू?" मी ओरडले. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून नव्हे, मला ओरडायचंच होतं. "तुम्हाला फक्त लाईनीची पडलीय! माझं काय व्हायचं ते होवो!"

"सुलू!" आई म्हणाली. बाबांना शब्द किती कळले देव जाणे, पण माझं तोंड त्यांना नीट दिसत होतं. ते उठून ओट्यावर जाऊन बसले. आई मला म्हणाली, "तू जा गं. मी बघते काय करायचं ते." काय बघणार होती कपाळ! पण तिने तसं म्हटलं, एवढं मला आठवतं.

दसऱ्याच्या पहाटे बाबांनी हातोड्याला नमस्कार केला, उचलला आणि नेहमीसारखे दाराशी माझी वाट बघत थांबले. मी गेले. घुश्शात गेले. सगळी वाट मी मनातल्या मनात भांडत होते. रत्नागिरीला गेल्यावर कसं यांना पत्रसुद्धा पाठवायचं नाही, मग बसतील एकटे चाव्या ठोकत, असलं काहीबाही. ठोका पडायचा, बाबा बघायचे, मी मान हलवायची. पहिल्या अर्ध्या मैलात दोन ढिल्या सापडल्या, तेवढं माझं लक्ष होतं. पुढे तिवरांचं वळण आलं. तिथे माझे कान बंदच होते. आवाज येत होते, पण मी ऐकत नव्हते. बाबांनी मारलेला प्रत्येक ठोका मी मान हलवून पुढे ढकलला. एका ठिकाणी बाबा जरा जास्त वेळ माझ्याकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, कालच्या भांडणाचं काही बोलणार. मी वैतागून पुन्हा मान हलवली, जरा जोरातच. ते पुढे निघाले.

दहा वाजता फाटकाशी जत्रा जमली. इंजिनाला झेंडूच्या माळा, डब्यांना आंब्याच्या पानांचे टाळे, कंपनीच्या साहेबांच्या हातून नारळ फुटलेला. पोरं डब्यांत घुसून बसली होती. आई नवं लुगडं नेसून, आरतीचं ताट घेऊन पहिल्या डब्यात चढली, सावंतकाकू तिच्या शेजारी आणि काकूंच्या मांडीवर त्यांचा नातू. इंजिन चालवायचे इस्माईलचाचा. गाडी सोडण्याआधी ते इंजिनातून वाकून सगळ्यांसमोर विचारत, आणि चावीवाल्याने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. त्याशिवाय ते वाफ सोडत नसत.

"भिकाजी, लाईन?"

बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "बरोबर हा," ते म्हणाले, छाती भरून.

ते 'बरोबर' मी ऐकलं. वळणावरची एकही चावी मी ऐकलेली नाही, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. आई डब्यातून मला हात करत होती, "चल गं, चढ ना, जागा ठेवलीय!" चाचांनी शिटी दिली. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना कळावं म्हणून तोंड स्पष्ट हलवून, पण आवाज न काढता म्हणाले, "बाबा, वळणावरचं मी ऐकलं नाही. मी नुसतीच मान हलवली."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा सांग असंही म्हणाले नाहीत. वळले आणि सरळ इंजिनापुढे रुळांत जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. गाडी हललेली होती, ती हिसका देऊन थांबली. डब्यात किंकाळ्या, साहेब धावत आले. "अरे भिकाजी, वेडबिड लागलं काय?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. बाबा बोलले ते मागच्या डब्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. "साहेब, गाडी सोडू नकात. माका आयकाक येना नाय. दोन वर्सां झाली. लायन मी बघलंय, पण आयकलंय नाय."

मी तीन पावलांवर उभी होते. 'मी ऐकत होते, आज मी चुकले' असं एक वाक्य मला बोलायचं होतं. सगळे बाबांकडे बघत होते. चाचा इंजिनातून उतरून आले आणि बाबांचा खांदा धरून म्हणाले, "क्या बोलता है भिकाजी? मेरेको भी नहीं बताया?" मी नाही बोलले. आई ताट तसंच धरून डब्यात उभी होती, तिला सगळं कळलं होतं, आणि तीही बोलली नाही. शाळेत चाळीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं. फळ्यावर लिहून दिलं, वह्यांत लिहून घेतलं. त्या दिवशी तिथे कशी उभी राहिले होते, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

लाईनीचा मुकादम दुसऱ्या गड्याला घेऊन लाईन ठोकत गेला. सगळे उन्हात ताटकळत थांबले. तासाभराने तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. वळणाच्या बाहेरच्या रुळावर सहा चाव्या ओळीने सुटल्या होत्या. आदल्या दोन रात्रींच्या परतीच्या पावसाने खालची खडी वाहून गेली होती. त्याच बाजूला उतार आहे आणि खाली खाडीचा चिखल. साहेब रुमालाने मान पुसत राहिले. बायका डब्यातून उतरल्या. सावंतकाकूंनी नातवाला उराशी धरलं आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. बाबांनी घाईने पाय मागे घेतले.

पुढचं सगळं कागदोपत्री आणि सभ्यपणे झालं. डॉक्टरने दोन ओळी लिहिल्या. साहेब बरे होते, त्यांनी दिवाळी होईपर्यंत क्वार्टरमध्ये राहू दिलं. नंतर आईबाबा वाकोल्याला मामाच्या खोलीत राहायला गेले, पोटमाळ्यावर. बाबा एका सोसायटीच्या फाटकावर बसू लागले. लाईनीकडे पुन्हा फिरकले नाहीत. मी मात्र हल्ली तिकडे जाऊन आले. टॉवरवाल्यांनी लाईनीचा फर्लांगभर तुकडा बागेत ठेवलाय, 'हेरिटेज' म्हणून पाटी लावलीय, आणि रविवारी तेच इंजिन मुलांना घेऊन फिरतं. रुळांना आता चाव्या नाहीत, स्प्रिंगच्या क्लिपा आहेत. त्या सुटत नाहीत म्हणे. मी तिकीट काढलं, पण बसायला काही पाय उचलला नाही.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला निघाले. जाऊ नये असं मला वाटत होतं. बाबांनीच ट्रंक उचलली. एस.टी.च्या रांगेत आम्ही दोघे उभे होतो. कालपासून त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. ओरडले असते, थोबाडीत मारली असती, तर मला बरं वाटलं असतं. शेवटी मीच त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही मला रागवत का नाही?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग आपला उजवा हात उघडून, तळव्यावर घट्टे होते त्यांच्याकडे बघत म्हणाले, "वळणावर हातोडो मारलंय ना, तेव्हाच हाताक कळलेला. चावी ढिली हा म्हणान. एक नाय, चार-पाच." "मग तुझ्याकडे बघलंय. तू मान हलवलंस."

"मग ठोकली का नाही बाबा? हाताला कळलं होतं तर?"

गाडी लागली होती. माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन ढकलत होती. बाबा माझी ट्रंक टपावर चढवायला देत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही.

"म्हटलंय, हात म्हातारो झालो असतलो," ते म्हणाले. "चेडू खोटा कित्याक सांगतला?"